सीटखालची चामडी पिशवी: मापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

सायकलसाठी चामड्याची पिशवी करायची ठरली की नवशिका माणूस आधी चामडे विकत आणतो आणि मग सायकलकडे पाहतो. हा क्रम उलटा करावा. पिशवीचे माप, पट्ट्यांची जागा, चामड्याची जाडी, एवढेच काय, बकलाचा धातूसुद्धा सायकल आणि तिचा रस्ता ठरवतो. आपण फक्त ते ऐकून घ्यायचे असते. उंची पिशवी म्हणजे नक्षी, ठसे आणि चकचकीत पॉलिश, अशी समजूत पुष्कळांची असते. माझ्या मते सायकलवरची उंची पिशवी तीन गोष्टींनी ओळखावी: खड्ड्यातून जाताना ती वाजत नाही, उभे राहून पेडल मारताना डोलत नाही, आणि तिच्या कडेवरून बोट फिरवले तर दोन थर कुठे जुळले आहेत ते कळत नाही. या तिन्ही गोष्टी ठाण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत, यंत्राशिवाय साधता येतात. मी तिथेच काम करते.

या लेखात एकच पिशवी घेतली आहे: सीटखाली टांगायची, बाहेरून १८ सेंमी रुंद, १० सेंमी उंच आणि ७ सेंमी खोल. तिच्यात एक घडी केलेली ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, घडीचे पान्हे, पंक्चरचे सामान आणि घराची किल्ली एवढे बसते. आकाराने लहान असली तरी चामड्याला ओले करून आकार देणे, दोन सुयांची शिवण, कडा घोटणे आणि भार पेलणारे पट्टे लावणे ही सर्व कामे तिच्यात येतात. ती हातात बसली की हँडलवरची किंवा फ्रेममधली पिशवी करणे अवघड राहत नाही.

सायकल आधी मोजावी

सायकल भिंतीला टेकवून, चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे सीट लावून, तीन मापे घ्यावीत. पहिले माप सीटच्या खालच्या सळ्यांपासून मागच्या टायरपर्यंतचे. त्यातून पिशवीची उंची आणि पट्ट्यांची लांबी वजा केल्यावर किमान ५ सेंमी मोकळी जागा उरली पाहिजे, कारण भरलेली पिशवी लोंबते आणि आदळते. दुसरे माप सळ्यांमधल्या अंतराचे: बहुतेक सीटच्या सळ्या ७ मिमी जाडीच्या असतात आणि मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे ४४ मिमी अंतरावर असतात. तिसरे माप सीटपोस्टचे, म्हणजे सीट जिच्यावर बसते त्या नळीचे. अनेक सायकलींवर ते २७.२ मिमी व्यासाचे असते. ३ मिमी जाडीचा पट्टा त्याभोवती एक वेढा घ्यायला सुमारे ९५ मिमी लांबी खातो.

सीटच्या मागच्या बाजूला पिशवीसाठी धातूच्या कड्या असतील तर काम सोपे होते. बर्मिंगहॅममध्ये १८६६ साली सुरू झालेल्या ब्रूक्स कंपनीच्या अनेक चामडी सीटना अशा कड्या असतात. कड्या नसतील तर पट्टे थेट सळ्यांवरून घ्यावेत. काही झाले तरी पिशवी तीन ठिकाणी बांधलेली असावी: वर दोन आणि खाली सीटपोस्टला एक. दोनच ठिकाणी बांधलेली पिशवी नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यासारख्या सपाट रस्त्यावर निभावते, पण ठाण्यातल्या येऊरच्या चढावर सायकल डावी-उजवीकडे झुकू लागली की मांडीला घासते.

आता जाड पुठ्ठ्याची पिशवी करावी. ही पायरी कुणीही गाळू नये. पुठ्ठा कापून, चिकटपट्टीने जोडून, आत खरेच सामान भरून ती सुतळीने सायकलला बांधावी आणि एक फेरी मारून यावे. पट्ट्यांची भोके कुठे पाडायची, झाकण एका हाताने उघडते का, मांडी लागते का, या सगळ्यांची उत्तरे पुठ्ठ्यावर मिळतात. पट्ट्यांची लांबीही याच वेळी सुतळीने मोजून लिहून ठेवावी.

चामडे निवडणे

कमावलेल्या कातड्याचे ढोबळ प्रकार दोन. बाजारात मिळणारे बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते; ते मऊ असते, पाणी बरे सोसते, पण साच्यावर बसवलेला आकार धरत नाही आणि त्याची कड घोटून चमकत नाही. दुसरा प्रकार वनस्पतिजन्य टॅनिनने, म्हणजे बाभळीची साल, हिरडा अशा द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याचा. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने याच रीतीने कमावले जाते. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या पिशवीसाठी हेच चामडे हवे, कारण ते ओले असताना वळते आणि वाळल्यावर वळण सोडत नाही. ओळखायचे तर कापलेली कड पाहावी. क्रोमच्या चामड्याच्या पोटात बहुधा निळसर-करडी रेघ दिसते, तर वनस्पतिजन्य चामडे आरपार तपकिरी असते. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरतो आणि तेवढी जागा लगेच गडद होते.

खरेदीला धारावी गाठावी. ठाण्याहून धीम्या लोकलने शीव, नवी मुंबईहून हार्बरने कुर्ला आणि तिथून शीव, असा सरळ रस्ता आहे. चामडे चौरस फुटावर विकले जाते. या पिशवीला दीड चौरस फूट पुरते, पण पहिल्या वेळी तीन घ्यावे. महाराष्ट्रात म्हशीचे चामडे सहज मिळते आणि ते या कामाला उत्तम आहे. पिशवीच्या अंगाला (पुढची भिंत, तळ, पाठ आणि झाकण) २ मिमी, बाजूंना १.५ मिमी आणि पट्ट्यांना ३ मिमी जाडी मागावी. दुकानात चामडे दुमडून पाहावे: वरच्या बाजूवर बारीक सुरकुत्या पडून दाब काढताच निघून गेल्या तर ते घट्ट आहे, सालीसारखा पापुद्रा उचलल्यासारखा वाटला तर ते खाली ठेवावे. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर विसंबू नये, कारण खालच्या थराच्या चामड्यावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला मालही त्याच नावाने विकला जातो. वजनाचाही अंदाज असू द्यावा: २ मिमी जाडीचे एक चौरस फूट चामडे साधारण १६० ते १८० ग्रॅम भरते.

कातड्याची पाठ घट्ट असते आणि पोटाकडचा भाग सैल व ताणणारा असतो. पिशवीचे अंग आणि पट्टे पाठीतून, लांबीच्या दिशेने कापावेत. हे मी पुस्तकी म्हणून सोडून दिले होते. माझ्या पहिल्या पिशवीचा वरचा एक पट्टा उरलेल्या तुकड्यातून, पोटाकडून कापला होता. टेबलावर तो दुसऱ्या पट्ट्यासारखाच दिसत होता. तिसऱ्या रविवारी येऊरहून उतरताना मागून सुरसुर आवाज येऊ लागला. थांबून पाहिले तेव्हा तो पट्टा बोटभर लांबला होता, पिशवी एका अंगाला कलून टायरला टेकली होती आणि तळाचा कोपरा कागदाइतका पातळ झाला होता. तो कोपरा मी अजून कामाच्या टेबलावर ठेवला आहे. तेव्हापासून पोटाकडचे चामडे मी फक्त सरावाच्या शिवणीला वापरते.

हत्यारे

फार हत्यारे लागत नाहीत: रापी (चामडे कापायची चर्मकाराची सुरी) किंवा चांगले कटर, पोलादी पट्टी, ४ मिमी अंतराचा दातेरी पंच, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, कडेचा कोन छिलून काढायचे छोटे हत्यार (बेव्हलर), नायलॉनची मोगरी, पॉलिश पेपर, मेण लावलेला ०.८ मिमीचा पॉलिएस्टर दोरा आणि चिकटवायला चर्मकार वापरतात ते सोल्युशन. लिननचा दोरा दिसायला देखणा असतो, पण चिखल-पाण्यात कुजतो, म्हणून सायकलवर पॉलिएस्टरच बरा. बकल आणि रिव्हेट भरीव पितळेचे घ्यावेत. त्याचे कारण पुढे येईल.

धार हा विषय मात्र थोडक्यात आटपण्यासारखा नाही. ठाणे स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका चर्मकार काकांना मी माझी रापी दाखवली, तेव्हा त्यांनी ती अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पाहिली आणि परत देत म्हणाले, “ताई, ही घसरते. नखावर अडकली पाहिजे. बोथट रापी कातडं कापत नाही, फाडते.” मग त्यांनी ती आधी दगडावर आणि नंतर चामड्याच्या पट्टीवर घासून दिली. त्या दिवशी २ मिमीचे चामडे एकाच ओढीत, जोर न लावता कापले गेले. दर वीस-पंचवीस कापांनंतर धार पट्टीवर उतरवावी आणि नखाची कसोटी घ्यावी.

बाजूंना आकार देणे

पिशवीच्या दोन बाजू म्हणजे उथळ ताटल्या समजाव्यात. त्यांसाठी सुताराकडून ७ बाय १० सेंमीचा, ३ सेंमी जाडीचा लाकडी ठोकळा करून घ्यावा आणि त्याचे खालचे दोन कोपरे २ सेंमी त्रिज्येने गोल करावेत. ठोकळ्याला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे लाकडाचा रंग चामड्यात उतरत नाही. दीड मिमीचे चामडे ठोकळ्यापेक्षा चारही बाजूंनी २ सेंमी मोठे कापून, कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवावे आणि मग ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवावे. वरून कोरडे दिसू लागले, पण स्पर्शाला गार लागले, की ते वळवण्याजोगे झाले.

चामड्याची गुळगुळीत बाजू ठोकळ्याकडे ठेवून ते त्यावर बसवावे आणि कडा ठोकळ्याच्या अंगावर खाली मोडाव्यात; वरच्या तोंडाकडची कड मात्र सरळ राहू द्यावी. गोल कोपऱ्यांवर चुण्या पडतील. त्या ओढून सपाट होत नाहीत. हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडी पट्टीने प्रत्येक चुणी लहान-लहान करत मुरवावी लागते, आणि एका कोपऱ्याला दहा मिनिटे सहज जातात. तेवढी द्यावीत, कारण इथे राहिलेली चुणी शिवणीत दिसते आणि शेवटपर्यंत जात नाही.

चामडे ठोकळ्यावर धरून ठेवण्यासाठी लोखंडी चुका कधीही ठोकू नयेत. वनस्पतिजन्य चामड्यातले टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की शाईसारखा निळा-काळा डाग पडतो. जुन्या काळी शाई याच रासायनिक क्रियेने करत असत. गंजकी पट्टी, घामेजल्या हातातली कात्री किंवा लोखंडी बकल, कशानेही हा डाग पडू शकतो, म्हणूनच पितळेचा आग्रह धरला. ताजा डाग लिंबाच्या रसाने फिका होतो. त्यानंतर तेवढाच भाग नव्हे, तर सगळा तुकडा पाण्याने पुसून घ्यावा. चामडे ठोकळ्यावरच सावलीत वाळू द्यावे. हिवाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात तीन लागतात. हेअर ड्रायर लावला तर ते कडक होऊन तडकते.

वाळल्यावर मोडलेली कड १२ मिमी रुंदीची ठेवून बाकीची कापावी. ही ताटली पिशवीत बसवताना तिचे उघडे तोंड बाहेरच्या दिशेला येते; त्यामुळे पिशवीची आणि ताटलीची खरखरीत बाजू एकमेकांना चिकटते, जोड घट्ट होतो आणि शिवताना दोन्हीकडून सुई पोचते. याची किंमत एवढीच, की बाहेरून १८ सेंमी भरलेली पिशवी आतून सव्वापंधरा सेंमीच उरते. ट्यूबची घडी त्या मापाला तपासून घ्यावी.

अंग कापताना आठ मिलिमीटर

पिशवीचे अंग म्हणजे पुढची भिंत, तळ, पाठ आणि झाकण मिळून एकच लांब पट्टी. बहुतेकांचे गणित इथे चुकते. ठोकळ्याच्या तीन बाजूंची लांबी सुतळीने मोजली तर ती २५३ मिमी भरते: ८० मिमीच्या दोन उभ्या कडा, ३० मिमीचा तळ आणि प्रत्येकी सुमारे ३१ मिमीचे दोन गोल कोपरे. पण अंगाची पट्टी ठोकळ्यावरून नव्हे, तर दीड मिमीच्या ताटलीवरून वळते, आणि तिची स्वतःची जाडीही २ मिमी आहे. वळणाचे माप पट्टीच्या जाडीच्या मध्यावर धरावे लागते. म्हणजे कोपऱ्याची त्रिज्या २० ऐवजी २२.५ मिमी होते आणि दोन कोपऱ्यांत मिळून सुमारे ८ मिमी लांबी जास्त लागते. पट्टी २५३ ची कापली तर ती तोंडापाशी तोकडी पडते, आणि मग ओढून बसवलेली पिशवी कायमची तिरकी राहते. म्हणून या भागासाठी २६१ मिमी घ्यावेत. झाकणासाठी आणखी १५५ मिमी धरावेत, आणि १८ सेंमी रुंद, सुमारे ४१.६ सेंमी लांब पट्टी कातड्याच्या पाठीच्या भागातून कापावी.

शिवण्यापूर्वी पिशवीच्या पाठीत पट्ट्यांच्या खाचा पाडाव्यात: वर दोन जोड्या, खाली एक. २० मिमीच्या पट्ट्याला २२ मिमीची खाच हवी. खाचेच्या दोन्ही टोकांना आधी पंचाने गोल भोक पाडावे आणि मग मधला भाग कापावा, कारण टोकदार खाच भाराखाली पुढे फाटत जाते. खाचांच्या आतल्या बाजूने दीड मिमी चामड्याचे अस्तर चिकटवून शिवावे. वरच्या खाचांमागे ८ मिमी जाडीची लाकडी काठी बसवली तर पाठ मध्ये खचत नाही. इंग्लंडच्या लँकशरमधल्या नेल्सन गावी १९३२ पासून चालत आलेल्या कॅरॅडाइस कंपनीच्या कॅनव्हास पिशव्यांमध्येही अशी काठी असते, आणि भरल्या वजनाखाली तिची उपयुक्तता लगेच कळते.

शिवण

कडेपासून ४ मिमीवर रेघ आखून दातेरी पंचाने फक्त अंगाच्या पट्टीवर भोके पाडावीत. ताटलीवर वेगळी भोके पाडू नयेत. गोल कोपऱ्यावर आतल्या आणि बाहेरच्या थराची लांबी वेगळी असल्याने ती जुळत नाहीत. दोन्ही खरखरीत बाजूंना सोल्युशनचा पातळ हात द्यावा, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे, तळाच्या मध्यापासून दोन्हीकडे दाबत जावे आणि मग अंगाच्या प्रत्येक भोकातून आरी आरपार घालावी.

दोरा शिवणीच्या चौपट घ्यावा: २६ सेंमीच्या एका बाजूला सव्वा मीटर घेतल्यास गाठीपुरता उरतो. दोन्ही टोकांना सुया ओवून पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढावा. त्यानंतर प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. एका भोकात उजवी सुई आधी घातली, तर शेवटपर्यंत तीच आधी घालावी, आणि प्रत्येक टाका सारख्याच ताणाने आवळावा. टाके वाकडे दिसतात ते बहुधा हा क्रम मध्येच बदलल्यामुळे. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सैल होत जातात. इथे एक धागा तुटला तरी दुसरा सगळ्या भोकांतून गेलेला असल्याने जोड टिकून राहतो. रोज घासली आणि हादरली जाणारी वस्तू हातानेच का शिवावी, याचे माझ्या दृष्टीने हे पुरेसे कारण आहे. शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन दोरा कापावा आणि टोक किंचित वितळवून दाबावे. पट्टे आणि अस्तर धरून या पिशवीत सुमारे ३५० टाके पडतात. मिनिटाला चार टाके धरले तर दीड तास होतो. नवख्या हाताने तीन तास धरावेत आणि दोन बैठकांत शिवावे, कारण थकलेला हात टाका सैल सोडतो.

कडा आणि पट्टे

शिवून झाल्यावर जुळलेल्या कडा ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून एकसंध कराव्यात. बेव्हलरने दोन्ही काठ मोडावेत, कड पाण्याने किंचित ओली करावी आणि जाड सुती कापडाने किंवा लाकडी घोटणीने जोरात घासावी. काही वेळाने कड गरम होते, गडद होते आणि काचेसारखी लागते. त्यावर मधमाश्यांचे मेण चोळून पुन्हा घोटावे. कड एकदा घोटून समाधान होत नाही. मी तीन वेळा घोटते.

पट्टे ३ मिमीचे, २० मिमी रुंद, पाठीच्या भागातून कापलेले असावेत. तसे चामडे मिळाले नाही तर दीड मिमीचे दोन थर मध्ये नायलॉनची फीत घालून चिकटवावेत आणि शिवावेत. फीत ताण घेते आणि पट्टा लांबत नाही. पट्ट्याच्या भोकांमधले अंतर १० मिमी ठेवावे, २० नव्हे, म्हणजे पिशवी नेमकी आवळता येते. बकलाची जीभ आतल्या बाजूने सीटपोस्टचा रंग खरवडते, म्हणून तिच्याखाली चामड्याचा छोटा तुकडा शिवून घ्यावा. पिशवीच्या तळाला शेळीच्या पातळ चामड्याचे किंवा जाड फेल्टचे अस्तर चिकटवले आणि पान्ह्यांना कापडी खोळ केली, की खडखड थांबते.

पाऊस

ठाणे आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबरपर्यंत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि मागच्या चाकाचा चिखल थेट पिशवीच्या तळावर येतो. चामडे कितीही मेणावले तरी ते जलरोधक होत नाही. हे गिऱ्हाइकालाही स्पष्ट सांगावे. मधमाश्यांचे मेण आणि थोडे तेल एकत्र वितळवून त्याचे दोन पातळ हात द्यावेत. तेल पट्ट्यांना अगदी कमी लावावे, जास्त झाले तर ते सैल पडतात. मागे मडगार्ड लावावे आणि ट्यूब आत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. भिजलेली पिशवी रिकामी करून, आत वर्तमानपत्र कोंबून, पंख्याखाली वाळवावी. बुरशी आली तर कोरड्या कापडाने गॅलरीत पुसावी, घरात झटकू नये. उरलेले चामडे घडी न घालता गुंडाळून, सुती कापडात, भिंतीपासून दूर उंचावर ठेवावे. प्लॅस्टिकमध्ये ठेवलेल्या चामड्याला आपल्या हवेत लवकर बुरशी धरते.

पिशवी सायकलला लावल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर तिन्ही पट्टे पुन्हा तपासावेत. चांगला पट्टासुद्धा सुरुवातीला एखादे भोक लांबतो, आणि तेवढाच आवळला की पुढे बहुधा स्थिर राहतो. दोन भोकांहून अधिक लांबला तर तो काढून नवा कापावा, आणि कोणता पट्टा कातड्याच्या कुठल्या भागातून कापला होता ते पुठ्ठ्याच्या नमुन्यावर लिहून ठेवावे.